जात्याच्या मापाची कविता

जात्यावरच्या ओवीची लांबी जातंच ठरवतं. एका हाताने खुंटा फिरवायचा आणि दुसऱ्या हाताने जात्याच्या तोंडात वैरण घालायची. मूठभर ज्वारी आत गेली की दगड जड होतो, अंग पुढे-मागे होऊ लागतं, श्वास भरून येतो. दाणा भरडून पीठ बाहेर सांडू लागलं की दगड हलका होतो आणि पुढची मूठ मागतो. या दोन मुठींच्या मधे दमाला झेपेल तेवढंच गाणं. म्हणून ओवी दोन ओळींची, फार तर तीन. ती लांबवायची सोय नसते, कारण गळ्यात दम उरत नाही आणि हातातलं काम थांबत नाही.

मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं. कवितेतल्या प्रतिमेचा विषय निघाला की मुलं वहीत लिहून घेत: प्रतिमेमुळे काव्याला सौंदर्य येतं. परीक्षेत त्याला गुणही मिळत. पण ज्या बायकांनी आपल्या मुलखात शेकडो वर्षं एवढ्याशा मापात कविता केली, त्यांनी सौंदर्यासाठी प्रतिमा शोधली नव्हती. घरात जे उघड बोलता येत नव्हतं, ते घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलायचं होतं. त्यासाठी झाड, वाट, धूर, धोतर, चोळीचा खण ओवीत आले. हे मला पुस्तकांतून कळलं ते पुढे. आधी कळलं ते माधवनगरात, आमच्या चाळीच्या जात्यापाशी.

माधवनगर सांगलीपासून हाकेच्या अंतरावर, बुधगावला लागून आहे. बुधगाव ही संस्थानी काळात मिरज धाकट्या पातीच्या पटवर्धनांची राजधानी. माधवनगरची ओळख मात्र पेठेची, कापडगिरणीची आणि रेल्वे स्टेशनाची. मिरजेहून पुण्याकडे जाणारी गाडी आज सांगली, माधवनगर, नांद्रे, भिलवडी करत किर्लोस्करवाडीकडे जाते. माझ्या लहानपणी हा मार्ग मीटर गेजचा होता आणि इंजिनं कोळशावर चालत. आजोबा गिरणीत साच्यावर होते. आमच्या चाळीत कुणी तासगावकडचं, कुणी खानापूरच्या घाटमाथ्यावरचं, कुणी जतचं, कुणी कृष्णाकाठचं. पोटापाण्यासाठी माणसं आली आणि येताना बायकांनी आपापल्या गावच्या ओव्या आणल्या.

जातं दर घरात नव्हतं. ओसरीच्या टोकाला एक मोठं जातं रोवलेलं होतं आणि चार घरांचं दळण त्याच्यावर होई. गावात जात्यावर सासू-सून बसे, जावा-जावा बसत. चाळीत घाटमाथ्याची बाई आणि नदीकाठची बाई समोरासमोर बसू लागल्या. एकीने पहिली ओळ टाकली की दुसरी ती उचलून पुढे नेई. एकीच्या ओवीत माळ, हुलगा, मटकी आणि आटलेली विहीर. दुसरीच्या ओवीत मळई, ऊस आणि नावाडी. पहिल्या पाळीचा भोंगा व्हायच्या आत भाकरी थापून झाली पाहिजे, म्हणून पहाटे फार लवकर हा आवाज सुरू होई आणि आम्ही पोरं त्याच आवाजात पुन्हा झोपत असू.

जात्याला टाकी लावायला बाई यायची तो दिवस मला लख्ख आठवतो. टाकी लावणं हे टकारी समाजाचं परंपरेचं काम. फिरून फिरून दगड गुळगुळीत झाला की दाणा नुसता घरंगळतो, पीठ पडत नाही. मग ती बाई वरची तळी उचलून उलटी ठेवायची आणि छिन्नी-हातोडीने तिला बारीक टिचे पाडत जायची. मधल्या भोकापासून कडेपर्यंत, रांगेत, घाई न करता. टाकी झाली की पहिलं दळण माणसांना घालत नसत, कारण पिठात दगडाची कच उतरे. ते जनावराला जाई. ताजी टाकी लावलेलं जातं दाणा घट्ट धरतं, त्यामुळे ओढायला जड लागतं. त्या दिवशीच्या ओव्या तुटक असत, एकेक शब्द धापेवर येई. पुढे दगड सरावला की आवाजही मोकळा होई. कवितेचा छंद कशातून जन्मतो हे मला शिकवणारा तो पहिला धडा होता, आणि तो शिकवणारी बाई निरक्षर होती.

आता आजीची एक ओवी सांगते. ती शब्दशः इथे देत नाही, ती आमच्या घरातली आहे, आशय सांगते. पहिल्या ओळीत माधवनगर स्टेशनातून सुटलेल्या गाडीचा धूर आहे. तो कुणाची परवानगी न घेता उगवतीकडे निघाला आहे. दुसऱ्या ओळीत भावाचं वाळत घातलेलं पांढरं धोतर आहे, आणि त्या धुराने ते काळं झालं आहे. ओवी एवढीच. तिच्यात आठवण नाही, रडणं नाही, तक्रार नाही.

आजीचं माहेर सावळजकडचं, म्हणजे माधवनगरच्या उगवतीला. नागपंचमीला सासुरवाशिणीला न्यायला भाऊ यायचा, त्याला मुराळी म्हणतात. पंचमी श्रावणात येते आणि श्रावणात आपल्याकडे वारा मावळतीकडून वाहतो. म्हणजे त्या दिवसांत इंजिनाचा धूर खरोखरच आजीच्या माहेरच्या दिशेला झुकत होता. हे तिने चाळीच्या दारातून रोज पाहिलं होतं. तिचं लग्न होऊन फार वर्षं झाली नव्हती आणि त्या पंचमीला मुराळी आला नव्हता. ही हकिगत मला आत्याने सांगितली, आजीने कधीच नाही.

हे कळल्यावर दोन ओळी किती भरतात ते पाहा. धुराला कुणाला विचारावं लागत नाही, म्हणजे मला विचारावं लागतं. धूर माहेरी पोचला, म्हणजे मी पोचले नाही. भावाचं धोतर वाळत पडलं आहे, म्हणजे तो घरीच आहे, त्याला सवड आहे, तरी आला नाही. आणि ते धोतर काळं झालं, यात राग आहे. पण पांढऱ्या धोतराची काळजी करणारी बहीणच आहे, म्हणून मायाही त्यातच आहे. राग आणि माया एकाच डागात. मोठी कथा लिहून हे सांगता येईल, पण कथेत राग एका पानावर येईल आणि माया दुसऱ्या. दोन ओळींत दोन्ही एकदम येतात, कारण वस्तू एकच आहे.

ही ओवी ऐकणारी माणसं तीन तऱ्हांची होती. समोर बसलेली बाई: तिला सगळं कळत होतं, कारण तिचाही मुराळी कधीतरी चुकला होता. आत झोपलेली सासू: तिने ऐकलं तरी बोलायला जागा नव्हती, सुनेने धुराचं गाणं म्हटलं यात काय चूक काढणार? आणि स्वतः आजी: तिला बोलून मोकळं व्हायचं होतं. एकच वाक्य तिघींपर्यंत तीन वजनांनी पोचलं. उघड बोललेल्या वाक्याला ही सोय नसते.

हे कसब आजीचं एकटीचं नव्हतं आणि कालपरवाचंही नव्हतं. महाराष्ट्री प्राकृतातली गाथासप्तशती हा आपल्या मातीतला सर्वांत जुना कवितासंग्रह. सातवाहन राजा हालाच्या नावावर तो आहे आणि त्याचा गाभा इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला मानतात. सातशे गाथा, प्रत्येक गाथा दोन ओळींची, स्वतंत्र आणि पूर्ण. त्यात राजवाडे थोडे, गाव फार. नांगरणारा, पाटलाची सून, वाटसरू, पाणपोईवरची मुलगी, गोदेचा काठ, विंध्याचा पायथा. एका गाथेत कापसाच्या शेतात नांगर धरायचा मुहूर्त आहे. नांगरावर मंगल चिन्ह काढताना एका बाईचे हात थरथरतात. का थरथरतात ते गाथा सांगत नाही. ऐकणाऱ्याने कापूस मोठा झाल्यावर दाट झालेल्या शेतापर्यंत मनाने जायचं, तिथे कोण कुणाला भेटणार आहे ते ओळखायचं, आणि मग त्या हातांकडे परत बघायचं. ज्या गावाचं पोट कापसाच्या सुतावर भरत होतं तिथे वाढलेल्या मला ही गाथा प्रथम वाचताना फार जवळची वाटली.

दुसरी एक गाथा तर सगळ्या भारतीय काव्यशास्त्रात गाजली. गोदेकाठच्या कुंजाकडे फिरायला येणाऱ्या एका धार्मिक माणसाला बाई सांगते की आता खुशाल फिर, तुला त्रास देणारं ते कुत्रं मेलं. इथल्या झाडीत राहणाऱ्या सिंहाने त्याला मारलं. शब्द म्हणतात ये, अर्थ म्हणतो येऊ नकोस. तिची संकेताची जागा तिला मोकळी हवी आहे. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने ध्वन्यालोकात ध्वनी हा काव्याचा आत्मा असल्याचं मांडलं, तेव्हा उदाहरण म्हणून ही गाथा घेतली. आपल्या गावकुसाजवळच्या बाईच्या तोंडची दोन ओळींची कविता काश्मीरच्या पंडिताला सिद्धांतासाठी पुरली. स. आ. जोगळेकरांनी 1956 साली गाथासप्तशती मराठीत आणली, तिच्यामागे केवढा व्यासंग आहे! मी ती वर्गात दाखवायला नेत असे, निदान पुस्तकाचा आकार तरी मुलांनी पाहावा म्हणून.

गाथा आणि ओवी यांच्या मधला दुवा मला बाईच्या तोंडच्या या बोलण्यात दिसतो. गाथा कुणी रचल्या, त्यातल्या किती बायकांच्या आणि किती बायकांच्या नावाने पुरुषांच्या, हा वाद पंडितांचा आहे. पण बोलणारी बाई, ऐकणारे अनेक, आणि बोलणं वस्तूच्या आडून, ही रचना दोन्हीकडे तीच आहे.

ओवीचा लेखी पुरावा बाराव्या शतकात मिळतो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 1129च्या सुमारास मानसोल्लास हा संस्कृत ग्रंथ रचला. राजाने काय खावं, कसं खेळावं, काय ऐकावं, असल्या शंभर गोष्टी त्यात आहेत. त्यात तो नोंदवतो की महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात. त्या काळी मिरजेचा हा मुलूख शिलाहारांकडे होता आणि शिलाहार चालुक्यांचे मांडलिक. म्हणजे राजाच्या कानावर पडलेली ती ओवी आपल्याच बाजूची असू शकते, असं मला वाटत आलं आहे. पुढे 1290 साली ज्ञानेश्वरांनी गीतेवरचा आपला ग्रंथ ओवीत लिहिला. ग्रंथातली ओवी चार चरणांची झाली, पहिल्या तीन चरणांना यमक आणि चौथा मोकळा, आखूड. तिला वहीत जागा मिळाली. जात्यावरची ओवी दोन ओळींचीच राहिली, कारण तिचं माप कागदावर नव्हतं, हातात होतं.

दोन्ही ओव्यांचा मेळ जनाबाईत पडतो. तिच्याबरोबर विठ्ठल दळू लागला ही कथा मराठी घरात कोण जाणत नाही? पंढरपूरजवळ गोपाळपूरला जनाबाईचं म्हणून जातं दाखवतात. आमच्या चाळीतल्या बायका वारीला गेल्या की त्या जात्याला हात लावून यायच्या. देवाने बाईच्या वाटचं दळण दळलं, ही त्यांना जगातली सर्वांत मोठी गोष्ट वाटे. त्या दगडाचं वजन ज्यांच्या दंडाला माहीत आहे, त्यांनाच त्या कथेचा अर्थ पुरता कळतो.

एवढ्या लहान जागेत एवढा अर्थ मावतो याची दोन कारणं मला दिसतात.

पहिलं कारण, ओवीला सगळ्यांच्या ओळखीचा साठा मिळालेला असतो. सीतेचा वनवास म्हटला की निर्दोष बाईला भोगावा लागलेला अन्याय समजावून सांगावा लागत नाही. तुळस म्हटली की अंगण, घराणं आणि व्रत एकदम उभं राहतं. पंढरी म्हटली की माहेर, आणि चंद्रभागा म्हटली की आईचं पाणी. या शब्दांमागच्या गोष्टी ऐकणारीच्या मनात आधीच रचलेल्या असतात. ओवीने फक्त दार ढकलायचं. परक्या माणसाला ती ओवी अर्धवट वाटेल, पण ती परक्यासाठी नव्हतीच.

दुसरं कारण, ओवी भावनेचं नाव घेत नाही, भावनेचा पुरावा दाखवते. भावाची भरभराट झाली हे सांगताना पैशाची गोष्ट निघत नाही. बैलांच्या शिंगांवरच्या पितळी शेंब्या दिसतात, गाडीच्या चाकाला बसवलेली नवी धाव दिसते. आई गेल्यावर माहेर तुटलं हे सांगताना माहेरच्या वाटेवर वाढलेलं गवत दिसतं. आणि 'जसं', 'तसं' हे शब्द बहुधा गाळलेले असतात. एक ओळ वस्तूची, एक ओळ माणसाची, आणि त्यांच्या मधला सांधा ऐकणारीने जोडायचा. मधे एखादं 'बाई' किंवा 'सई' येतं. ते भरतीचं वाटतं खरं, पण दळणारीला तिथे श्वास घेता येतो आणि समोरचीला वस्तूकडून माणसाकडे वळायला क्षणभर मिळतो.

आजीच्या ओवीत हा साठा आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली वस्तू एकत्र आली. भाऊ, पंचमी, माहेर हे जुनं. आगगाडीचा धूर तिचा, माधवनगरचा. जात्यावरची ओवी जुनाट होती असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. जे दारासमोरून जाई ते ओवीत येई. पुढे संग्राहकांनी गोळा केलेल्या ओव्यांत तर बाबासाहेब आंबेडकरांवरच्या ओव्यांचा मोठा भाग आहे. दलित बायकांनी आपल्या नेत्याला जात्यावर जागा दिली, तीही याच दोन ओळींच्या मापात.

मग पिठाची गिरणी आली. आमच्या पेठेत ती आधीच होती. चाळीतल्या बायकांना तिकडे वळायला वेळ लागला तो पैशामुळे. दळणाला पैसे पडत आणि अंगमेहनत फुकट होती. आसपासच्या खेड्यांत आधी तेलाच्या इंजिनावरच्या आणि वीज पोचल्यावर विजेवरच्या गिरण्या झाल्या. डबा डोक्यावर घेऊन पोरीला पाठवलं की काम झालं. हे फार चांगलं झालं, असं मी ठामपणे म्हणते. मोठ्या घरात पायलीचं दळण रोज पहाटे ओढणाऱ्या बाईचे खांदे आणि कंबर मी पाहिली आहे. बाळंतपणातून उठलेली सून आठवड्यात खुंट्याला लागलेली पाहिली आहे. त्या कष्टातून कविता आली म्हणून ते कष्ट राहावेत, असं कुणी म्हणू नये. पण हेही खरं की जातं थांबलं आणि ओवीचं माप हरपलं. लग्नात हळदीच्या दिवशी मुहूर्ताचं जातं मांडतात, त्याला हळद-कुंकू वाहतात, सवाष्णी चार मुठी दळतात आणि आठवतील त्या ओव्या म्हणतात. तिथे जुन्या ओव्या म्हटल्या जातात, नवी ओवी सहसा होत नाही. नवी ओवी व्हायला रोजचं दळण लागतं आणि रोजचं दुखणं लागतं.

ओव्या पुरत्या विसरल्या जायच्या आत काही माणसांनी त्या उचलून घेतल्या. साने गुरुजींनी 1940च्या आसपास 'स्त्रीजीवन' या नावाने ओव्यांचा मोठा संग्रह केला. पण आमच्या जिल्ह्याने अभिमानाने घ्यावं असं नाव डॉ. सरोजिनी बाबर यांचं. त्यांचा जन्म 7 जानेवारी 1920 रोजी वाळवा तालुक्यातल्या बागणीत झाला. शाळा इस्लामपूरला, पुढचं शिक्षण पुण्यात. आमदार होत्या, पुढे राज्यसभेवर गेल्या. पण मला त्यांचं सर्वांत मोठं काम वाटतं ते लोकसाहित्य समितीचं. महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीच्या अध्यक्ष म्हणून त्यांनी गावोगावच्या बायकांच्या तोंडची गाणी, ओव्या, कहाण्या, उखाणे ग्रंथांमागून ग्रंथांत आणले. 'जा माझ्या माहेरा', 'एक होता राजा', 'तीर्थाचे सागर', 'कुलदैवत' ही त्यातली काही नावं. बागणीच्या मुलीने ज्या ओव्या लहानपणी कानांनी ऐकल्या त्याच तिने पुढे सरकारी ग्रंथात छापून घेतल्या. किर्लोस्करवाडीहून 1930 पासून 'स्त्री' मासिक निघत होतं, सुशिक्षित बायका त्यात लिहीत होत्या. त्याच रेल्वेमार्गावरच्या खेड्यांतल्या न शिकलेल्या बायकांच्या कवितेला ग्रंथात मानाची जागा मिळाली ती अशा संग्रहांमुळे.

बेळगावच्या इंदिरा संतांनीही 'मालनगाथा' या ग्रंथात ओव्या मांडून त्यांचा रसास्वाद घेतला. 'शेला', 'मेंदी' लिहिणारी इतकी संयत कवयित्री अनाम बायकांच्या दोन ओळींसमोर इतका काळ बसून राहिली, यात ओवीचा मोठा सन्मान आहे. पुण्यात गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी कार्यकर्त्यांसह खेडोपाडी हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या आणि 1990च्या दशकात कितीतरी ध्वनिमुद्रित केल्या. 2017 सालच्या महिला दिनापासून 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळाने त्या लोकांपुढे आणायला सुरुवात केली. त्यांच्या नोंदीत मला एक गोष्ट फार मोलाची वाटते: ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचं नाव, गाव, घरची माणसं यांची माहिती असते. ओवीची कवयित्री 'अनाम लोक' राहत नाही, ती अमक्या गावची अमकी होते.

थोडक्यात लिहिण्याची ओढ आजही आहे. शिरीष पै यांनी जपानी हायकू मराठीत रुजवला. तीन ओळी, एक दृश्य, एक क्षण. हायकू आणि ओवी मी वर्गात शेजारी ठेवून शिकवीत असे. दोन्ही वस्तूवर विसंबतात, दोन्ही अर्थ सांगायचं टाळतात. पण जपानी हायकूकार बाशोच्या परंपरेतला कवी निसर्गापुढे निवांत उभा असतो, आणि ऋतूची खूण त्याच्या कवितेत लागते. ओवीतली बाई निवांत नसते. तिच्याही ओवीत ऋतू असतो, पण तो पंचमी, दिवाळी, सुगी अशा नात्यांच्या हिशेबातून येतो. कुणी न्यायला येणार का, काय देणार, किती दिवस ठेवून घेणार. हायकूत मौनाला मान आहे. ओवीत मौन लादलेलं आहे आणि वस्तू ते फोडते.

1990च्या सुमारास चंद्रशेखर गोखले यांच्या 'मी माझा'ने चारोळी घरोघरी नेली आणि माझ्या वर्गातली मुलंही चारोळ्या लिहू लागली. मी त्यांना एकच काम सांगायची. चारोळीत आठवण, प्रेम, दुःख, विरह हे शब्द असतील तर खोडा, आणि ज्या दिवशी ते वाटलं त्या दिवशी डोळ्यांसमोर काय होतं ते लिहा. एसटीची खिडकी असेल, द्राक्षबागेतला औषधाचा वास असेल, बंद पडलेल्या गिरणीचं फाटक असेल. ज्यांना हे जमे त्यांची कविता आपोआप लहान होई, कारण वस्तू मिळाली की बाकीचे शब्द गळून पडतात. ज्यांना जमत नसे त्यांच्या चार ओळीही लांब वाटत.

ओवी वाचायची एक रीत मी या सगळ्यातून घेतली आहे आणि ती इथे लिहून ठेवते. दोन ओळी समोर आल्या की त्या किती सुंदर आहेत हे आधी पाहू नये. ही गोष्ट कुणाला कळू नये म्हणून अशी सांगितली आहे, आणि कुणाला कळावी म्हणून, हे दोन प्रश्न विचारावेत. त्यांची उत्तरं मिळाली की प्रतिमा उघडते. नाही मिळाली तर धूर हा नुसता धूर राहतो. छापील संग्रहांत ओव्या आई, भाऊ, लेक, पंढरी अशा गटांत मांडलेल्या असतात. ते गरजेचंच होतं, नाहीतर एवढा पसारा आवरला नसता. पण आजीची ओवी 'भाऊराया'च्या गटात गेली असती आणि पंचमी, वाऱ्याची दिशा, न आलेला मुराळी, आत झोपलेली सासू हे सगळं गटाबाहेर राहिलं असतं.

माधवनगर, बुधगाव, कवलापूर, बिसूर या गावांत ज्यांनी स्वतः दळलं अशा बायका आजही आहेत. त्यांच्या नातवंडांच्या हातात मोबाइल आहे आणि त्यात आवाज धरून ठेवता येतो. माझं सांगणं इतकंच आहे की ओवी धरून ठेवाल तेव्हा तिच्या आधीची आणि नंतरची चार वाक्यंही धरा. ही ओवी पहिल्यांदा कधी सुचली, समोर कोण दळत होतं, घरात कोण ऐकत होतं, दारातून काय दिसत होतं, हे विचारा. बाईचं नाव आणि तिच्या माहेरचं गाव लिहा. सोमेश्वर राजाने महाराष्ट्रातल्या बायका ओवी गातात एवढं लिहिलं आणि त्यांतल्या एकीचंही नाव आपल्यापर्यंत आलं नाही. ती उणीव भरून काढणं आज आपल्याच हातात आहे, आणि त्याला पंडित असावं लागत नाही.